हलक्यांची गणती

"आजवर जगात जेवढ्या म्हणून मोठ्या लढाया झाल्या, त्या सगळ्या गोफणवाल्यांनी जिंकल्या. राजे, सेनापती आणि चिलखतं घातलेले दांडगे हे सगळे नंतर फोटोपुरते येऊन उभे राहिले."

हे वाक्य गोफणकाकांनी न्हाणीघरातल्या आरशासमोर तीन वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी आवाज बरा लागला. चौथ्या वेळी 'दांडगे'वर थोडा जोर द्यावा असा विचार चालू असताना बाहेरून बायकोचा आवाज आला.

"लढाया जिंकून झाल्या असतील तर चहाची गाळणी कुठे ठेवलीत ते सांगा."

गाळणी गोफणवाल्यांकडेच होती. आदल्या दिवशी काकांनी तिच्यातून बारीक रेती चाळून ती गोफणवाल्यांच्या पायाखालच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली होती, म्हणजे ते खऱ्या जमिनीवर उभे आहेत असं वाटावं. हे गोफणवाले शिशाचे होते. उंची बोटाच्या एका पेराइतकी. एका पुठ्ठ्यावर दोघे, अशा सहा पुठ्ठ्यांची एक तुकडी, आणि तुकड्या बारा. म्हणजे एकशे चव्वेचाळीस माणसं. प्रत्येकाला भुवया होत्या. काकांनी त्या बावीस वर्षांत, भिंगातून बघत, तीन केसांच्या ब्रशने काढल्या होत्या.

"रविवार आहे, गाळणी आहे, चहा आहे," बायको दारात येऊन म्हणाली. "यातलं एक तरी आज मला मिळेल का?"

"आज शेवटचा रविवार असेल कदाचित," काका म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा थट्टा करतोय की नाही, हे तिला त्यांच्या कानांवरून कळायचं. कान लाल होते. ती आत गेली आणि चहा फडक्याने गाळून घेऊन आली.

प्रकरण असं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर एक खोली होती. तिथे दोन जुनी दारं आडवी टाकून केलेल्या टेबलावर 'प्राचीन युद्धकला अभ्यास मंडळ' दर रविवारी दुपारी अभ्यास करत असे. मंडळाचे सभासद कागदावर नऊ होते, जिना चढून येणारे तीन. डॉक्टर हे चिटणीस आणि पंच. दुसरे काकांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, निवृत्त बांधकाम कंत्राटदार. त्यांच्याकडे सात तुकड्यांचं जड पायदळ होतं. मोठाल्या ढाली, लांब भाले, खांद्याला खांदा, आणि अंगावर एवढं चिलखत की त्यांना पाठ खाजवायची झाली तरी शेजाऱ्याची परवानगी लागावी. तिसरे गोफणकाका. त्यांच्याकडे फक्त हलके.

हलके म्हणजे विखुरलेले. ना चिलखत, ना ढाल. त्यांनी सगळ्यांच्या पुढे जायचं, दगड मारायचे, समोरच्याला चिडवायचं, आणि तो अंगावर आला की पळत मागे यायचं. आपल्या जड तुकड्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात, त्यातून मागे जाऊन उभं राहायचं. मग जड पुढे होणार आणि लढाई सुरू झाली असं सगळे म्हणणार.

काकांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली. पद लिहायला लांबलचक होतं, काम मात्र सरळ होतं. कुठे मोठी पाइपलाइन फुटली की त्यांना स्कूटरवरून पुढे पाठवायचे. लोक आधीच बादल्या घेऊन रस्त्यावर आलेले असायचे. काका त्यांच्या मधोमध उभे राहायचे आणि ऐकून घ्यायचे. स्वतःबद्दल, खात्याबद्दल, कधी कधी आईबद्दलही. पाऊण तासात माणसं ओरडून ओरडून बसायची, आणि तेवढ्यात इंजिनिअर आणि ट्रक यायचा. काका बाजूला व्हायचे. संध्याकाळी नळाला पाणी आलं की लोक इंजिनिअरचे आभार मानायचे. एकतीस वर्षं हे चाललं आणि काकांना त्यात काही खटकलं नाही. पण डॉक्टरांच्या माडीवर त्यांनी पहिल्यांदा गोफणवाले फटीतून मागे येताना पाहिले, तेव्हा आपलं सर्व्हिस बुक कोणीतरी शिशात ओतून ठेवलंय असं त्यांना वाटलं. त्याच आठवड्यात त्यांनी पहिले बारा घेतले. मंडळाची अडतीस पानी नियमपुस्तिकाही पुढे त्यांनीच लिहिली. तिच्यातलं प्रकरण अकरा, 'हलके व विखुरते सैन्य', एकटं चौदा पानांचं होतं.

गेल्या रविवारी डॉक्टरांनी नवीन पुस्तिका काढली. पानं चार.

"काका, अहो, एका डावाला चार तास लागतात," डॉक्टर म्हणाले होते. "त्यातले तीन तुमची माणसं पुढे-मागे पळण्यात जातात. व्याह्यांचे गुडघे, माझी पाठ. जरा सुटसुटीत करू या."

काकांनी चारही पानं पाहिली. हलके कुठेच नव्हते. शेवटी दुसऱ्या पानाच्या तळाला एक ओळ सापडली. 'हलके सैन्य लढाईपूर्वी येऊन गेले आहे, असे समजावे.'

ही ओळ त्यांनी आठवडाभर मनातल्या मनात वाचली. हलके वाईट आहेत, निरुपयोगी आहेत, असं लिहिलं असतं तर भांडता आलं असतं. येऊन गेले आहेत असं समजावे, याला काय उत्तर देणार?

पर्याय म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तुम्हीही एखादं जड पायदळ रंगवा की." पण गेल्या वर्षापासून काकांचा उजवा हात थरथरत होता. शेवटच्या गोफणवाल्याची भुवई काढायला घेतली तेव्हा तिची मिशी झाली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, कारण ती हल्ली त्यांचा कप अर्धाच भरायची. नवीन सैन्य आता या हातून होणार नव्हतं. हलके गेले की टेबलावर ठेवायला काकांकडे काही नव्हतं. माडी चढायला कारण नव्हतं. रविवार दुपारी नक्की काय करतात, हे त्यांना बावीस वर्षांत कधी शिकावं लागलं नव्हतं.

म्हणून त्यांनी लढाई मागितली. आपले हलके एकटे आणि समोर व्याह्यांचं जड पायदळ. आजवर काका नेहमी कोणाच्या तरी सैन्यापुढे लढले होते, कधी डॉक्टरांच्या, कधी व्याह्यांच्या. एकटे कधीच नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले होते. "जुन्याच पुस्तिकेने खेळा. पाच वाजता मैदान ज्याचं, त्याचं म्हणणं राहील."

काका दुपारी एकला पोचले. दवाखान्याच्या जिन्याखाली एक पिवळं कुत्रं राहायचं. त्याला वर जाणाऱ्या माणसांचा राग होता. नेहमीप्रमाणे काका पुढे झाले, त्याच्यासमोर उभे राहिले, त्याला पोटभर भुंकू दिलं आणि मग बिस्किट टाकलं. ते गप्प झाल्यावर रस्त्यापलीकडे थांबलेले व्याही आले आणि त्यांच्या मागून जिना चढले.

"आज तुम्हाला सोडणार नाही हं, व्याही," वर येऊन धापा टाकत व्याही म्हणाले.

"सोडू नका," काका म्हणाले. एरवी ते यावर काहीतरी चावट बोलले असते. व्याह्यांना ते जाणवलं आणि त्यांनी उगाच खिशातून दोरी काढली.

ही दोरी म्हणजे व्याह्यांची खासियत होती. तीस वर्षं भिंती उभ्या केलेला माणूस, त्याला वाकडी ओळ डोळ्यांना सोसायची नाही. सैन्य मांडताना ते टेबलाच्या दोन टोकांना टाचण्या रोवून दोरी ताणायचे आणि तिला लावून सातही तुकड्या उभ्या करायचे. एखादा भाला पुढे आलेला दिसला तर नखाने मागे घ्यायचे.

मैदान डॉक्टरांनी मांडलं होतं. टेकड्या त्यांच्याकडे मुबलक होत्या. पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे जुने साचे पालथे घालून त्यांना हिरवा रंग दिला की झाल्या टेकड्या. उजवीकडे 'दाढेची टेकडी' होती. ती कोणाची दाढ होती हे डॉक्टर सांगत नसत, पण व्याही तिच्याकडे बघताना नेहमी गालाच्या आतून जीभ फिरवायचे.

लढाई सुरू झाली. काकांनी उजवा हात खिशात ठेवला आणि डाव्याने खेळायला लागले.

"हात का खिशात?" डॉक्टरांनी विचारलं.

"डावपेच आहे," काका म्हणाले.

पहिल्या तासात त्यांच्या दोन तुकड्या गेल्या. जड अंगावर आले की हलक्यांनी फासा टाकून पळायचं असतं, आणि फाशावर एक पडला तर पाय अडखळतो आणि ते सापडतात. काकांना लागोपाठ दोनदा एक पडला. चोवीस माणसं त्यांनी एकेक पुठ्ठा करून उचलली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. ठेवताना हात थरथरला आणि दोघे आडवे झाले. त्यांनी त्यांना पुन्हा उभं केलं. मेलेल्यांना उभं करायची गरज नसते.

"अजून अर्ध्यातून सोडून देता येईल," व्याही हळूच म्हणाले. "म्हणजे, बरोबरी समजू."

"काही समजू नका," काका म्हणाले. "समजण्यावरनंच हे सुरू झालंय."

मग त्यांनी दगड मारायला घेतले. चार तुकड्या पुढे, टप्प्याच्या कडेवर, जडांना एका चालीत पोचता येणार नाही एवढ्या अंतरावर. पाणी न आलेल्या चाळीसमोर किती लांब उभं राहायचं, हे अंतर त्यांच्या पायांना पाठ होतं. दगड लागले की जड तुकडीवर डॉक्टर कापसाचा बोळा ठेवायचे, आणि बोळा बसलेली तुकडी चिडली की नाही हे फासा सांगायचा. चिडलेली तुकडी हुकूम नसताना धावते. व्याह्यांची तिसरी तुकडी चिडली. पाच बोटं पुढे आली. गोफणवाले मागे पळाले आणि ती मधेच एकटी उभी राहिली.

व्याह्यांनी ओळीकडे पाहिलं. मधोमध दात पुढे आल्यासारखी ती तुकडी दिसत होती.

"तिला तिथेच राहू द्या आणि बाकीच्या पुढे आणा," डॉक्टर पंच असूनही बोलून गेले.

"वाकडी दिसते हो," व्याही म्हणाले, आणि एक अख्खी चाल खर्चून त्यांनी ती मागे घेतली. दोरी लावून पाहिली. समाधान झालं.

काकांनी ते पाहिलं आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले. हे त्यांना आधीच माहीत होतं. बावीस वर्षं ते व्याह्यांना ओळखत होते, त्यातली अकरा व्याही म्हणून. समोरच्या माणसाला काय सोसत नाही हे ओळखून तेवढंच त्याच्यासमोर धरायचं, हे बरं नाही, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी लगेच पुढचे दगड मारले.

चिडवायचं, पळायचं, व्याह्यांनी दोरी लावायची. पुन्हा चिडवायचं. साडेतीनपर्यंत सातही तुकड्यांवर कापूस बसला आणि व्याही घामाघूम झाले. प्रत्येक चालीत ते ओळ सरळ करत होते आणि प्रत्येक चालीत ती ओळ थोडी उजवीकडे सरकत होती, कारण काका तिकडेच पळत होते. चार वाजता ओळीचं टोक दाढेच्या टेकडीवर चढलं. खडकाळ जागी जड सैन्याचे पाय नीट पडत नाहीत, हलक्यांना काही फरक पडत नाही. प्रकरण अकरा, कलम तीन.

"व्याही," व्याही म्हणाले. "ही टेकडी कोणी इथे ठेवली?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "तुमचीच दाढ आहे."

त्यानंतर व्याह्यांचे हात भराभर चालायला लागले आणि ओळ तेवढीच भराभर मोडायला लागली. काकांच्याही आणखी तीन तुकड्या गेल्या. एकदा तर पळायच्या फाशावर पुन्हा एक आला आणि छत्तीस भुवया, अठरा माणसं, म्हणजे दीड तुकडी एका दमात कडेला गेली. काकांनी खिशातला हात बाहेर काढून टेबलाची कड धरली. टेबल थरथरायला लागलं. भाले किणकिणले. डॉक्टरांनी ते पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि पुस्तिकेत डोकं घातलं.

पावणेपाचला व्याह्यांची चौथी तुकडी मोडली. सातातल्या चार गेल्या की उरलेलं सैन्यही पळतं. उरलेल्या तीन तुकड्या व्याह्यांनी स्वतःच्या हाताने उचलून खोक्यात ठेवल्या. ठेवतानाही सरळ ओळीत.

टेबलावर आता काकांच्या सात तुकड्या होत्या. बाकी कोणी नव्हतं. हिरवे जबडे, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले चौऱ्याऐंशी गोफणवाले.

काकांना सकाळचं वाक्य म्हणायचं होतं. "बसू का जरा?" एवढंच ते म्हणाले आणि बसले.

डॉक्टर पुस्तिकेची पानं उलटत होते. त्यांनी एक पान वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग चष्मा पुसला. पेशंटला मुळापर्यंत कीड लागल्याचं सांगायच्या आधी ते असाच चष्मा पुसत.

"काका," ते म्हणाले. "प्रकरण अकरा, कलम सहा."

"काय आहे त्यात?"

"तुम्हीच लिहिलंय."

"चौदा पानं लिहिली, डॉक्टर. वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. "'दिवसअखेर ज्याचे सैन्य मैदानावर उभे असेल, मैदान त्याचे समजावे. या कामी हलक्यांची गणती करू नये.'"

काकांनी व्याह्यांकडे पाहिलं. व्याही दोरी गुंडाळत होते. फार काळजीपूर्वक.

कलम दोघांनाही आठवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, लेकीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात, काकांच्या तीन उरल्यासुरल्या गोफणवाल्यांनी व्याह्यांच्या हातून एक मैदान हिसकावलं होतं. व्याही घुश्शात घरी गेले आणि हॉल ठरवायच्या बैठकीला आलेच नाहीत. तेव्हा काकांच्या बायकोने चुलीवरून नजर न काढता सांगितलं होतं, "तुमच्या त्या पुस्तकात घाला काहीतरी आणि विषय संपवा. माझी मुलगी जाणार आहे त्या घरात." काकांनी एका ओळीत विषय संपवला. लग्न छान झालं. नंतर ते कलम कधी आडवं आलं नाही, कारण काकांच्या मागे नेहमी कोणाचं तरी जड सैन्य उभं असायचं. मोजायला ते असायचं.

"मग मैदान कोणाचं?" काकांनी विचारलं.

"कोणाचंच नाही," डॉक्टर म्हणाले. "नियमाप्रमाणे इथे कोणी उभंच नाहीये."

काकांनी टेबलाकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी जण भुवया उंचावून त्यांच्याकडे बघत होते.

"मी ते कलम आता खोडतो," ते म्हणाले. "लिहिणारा मी आहे. पेन द्या."

"डाव संपल्यावर नाही खोडता येत, काका. प्रकरण एक, कलम दोन. तेही तुमचंच."

"व्याही," काका वळले. "तुम्ही बोला. तुमचं सैन्य गेलं ना पळून? तुम्ही उचललंत ना तुमच्या हाताने?"

व्याह्यांनी दोरी खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "गेलं हो," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे कसं असतं... ओळंब्यासारखं असतं. एकदा धरला की धरला."

"मग मी रविवारी येऊन काय करू?"

"या की," डॉक्टर घाईने म्हणाले. "बसा. फासे टाका. सल्ला द्या." आणि काही सुचेना म्हणून त्यांनी चार पानी पुस्तिका काकांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी ती हातात घेतली. हात थरथरत होता, त्यामुळे ते पुस्तिका हलवून नकार देतायत की पुस्तिकाच हलतेय, हे कळत नव्हतं.

ते माणसं भरायला लागले. एकेक पुठ्ठा काडेपेटीत, काडेपेट्या बुटांच्या खोक्यात. मेलेले आणि जिवंत वेगळे ठेवायचा त्यांचा नेम होता, पण आज सगळे एकत्रच भरले. एक गोफणवाला पुठ्ठ्यावरून सुटून निघाला, तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. व्याही मदतीला आले, पण काकांनी खोकं आपल्याकडे ओढलं. व्याही मागे सरले. डॉक्टरांनी जबडे गोळा केले. कोणी चहाचं नाव काढलं नाही.

सव्वापाचला दिवा बंद झाला. काका खोकं छातीशी धरून उंबऱ्यापाशी उभे होते, कारण दार उघडायला हात मोकळा नव्हता आणि कोणाला उघडा म्हणायची इच्छा नव्हती. डॉक्टरांनीच उघडलं. पायऱ्या खाली अंधारात उतरत होत्या. काका भिंतीला टेकून बाजूला झाले. आज आपण शेवटी उतरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. यांना जाऊ देत, मग सावकाश.

व्याही पुढे झाले. पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, वाकून खाली पाहिलं, आणि थांबले. त्यांच्या मागे डॉक्टर थांबले. खाली काहीतरी गुरगुरलं.

व्याह्यांनी घसा साफ केला. वळून पाहिलं, पण काकांच्या डोळ्यांकडे नाही, खोक्याकडे.

"व्याही," ते म्हणाले, "ते खोकं द्या इकडे, मी धरतो. तुम्ही जरा पुढे होऊन त्या कुत्र्याचं बघता का?"